कोरडे डोळे : तीव्र शुष्कनेत्र विकार आणि त्यावरील उपचार

रायपूरहून बिलासपूरकडे निघालात की महामार्गावर सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र लागते. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि वीज प्रकल्प यांची येथे दाटी आहे. स्पंज आयर्न बनवताना लोहखनिज व कोळसा फिरत्या भट्टीत तापवतात. भट्टीची धग, बारीक काळी धूळ आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारी कोरडी हवा, या तिन्ही गोष्टी डोळ्यांना एकाच वेळी सोसाव्या लागतात. समजा, येथील एक कामगार सांगतो, “डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, सकाळी पापण्या उघडत नाहीत आणि वाऱ्यावर गेलो की पाणी येते.” आपण पटकन म्हणू, धुळीमुळे होत असेल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच अनेकांची वर्षे वाया जातात.

अश्रूंचा थर

डोळ्यावरचा अश्रूंचा थर जेमतेम ३ मायक्रोमीटर जाडीचा असतो. स्वच्छमंडलाला (कॉर्नियाला) लागून श्लेष्म असते, त्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहते. पाण्याचा भाग अश्रुग्रंथींतून येतो. सर्वांत वर तेलाचा पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी पुरवतात आणि त्यामुळे खालच्या पाण्याची वाफ होत नाही. म्हणून डोळे कोरडे पडण्याचे मुख्य प्रकार दोन : पाणीच कमी तयार होणे, किंवा पाणी पुरेसे असूनही ते लवकर उडून जाणे. दुसरा प्रकार अधिक आढळतो. पुष्कळ रुग्णांत दोन्ही एकत्र असतात.

पाणी उडाले की उरलेले अश्रू खारट होतात. त्या खारटपणाने पृष्ठभागावरील पेशींना इजा होते, दाह सुरू होतो, दाहामुळे श्लेष्म तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि थर आणखी लवकर फाटतो. हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ कारण दूर झाले तरी ते आपोआप थांबेलच असे नाही. सिलतऱ्याचा आपला कामगार महिनाभर गावी गेला तरी त्रास राहतो, तो यामुळे. आणि डोळ्यांतून पाणी येते तर डोळे कोरडे कसे? टोचणीला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते, पण ते गालावर ओघळून जाते. थर सावरत नाही.

तपासणी

जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ साली सांगितलेली चाचणी आजही वापरात आहे. गाळण कागदाची ५ मिलिमीटर रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाण्याची कमतरता गंभीर समजावी. फ्लुरोसीन हा पिवळा रंग घालून थर किती सेकंदांत फाटतो तेही पाहतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर. त्याच रंगाने स्वच्छमंडलावरचे घासलेले ठिपके उठून दिसतात. पापणीची कड हलकी दाबून तेल पातळ येते की टूथपेस्टसारखे घट्ट, हे पाहायलाही विसरू नये. ही तपासणी फुकट आणि मिनिटभराची आहे, तरी घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तीच राहून जाते.

एक अडचण येथे सांगितली पाहिजे. लक्षणे आणि चाचण्या यांचा मेळ नेहमी बसत नाही. काहींचा पृष्ठभाग बराच खराब असूनही तक्रार थोडी असते, कारण संवेदनाच बोथट झालेली असते. उलट काहींच्या चाचण्या जवळजवळ ठीक येतात आणि वेदना मात्र झोप उडवते; तिथे दोष स्वच्छमंडलाच्या मज्जातंतूंत असू शकतो. अशा रुग्णाला “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगून घरी पाठवणे चुकीचे आहे. दीर्घकाळच्या शुष्कनेत्र विकारासोबत नैराश्य व चिंता अधिक आढळतात.

तीव्र विकारामागची कारणे

विकार तीव्र असेल तर शरीरात इतरत्र शोध घ्यावा. तोंडही कोरडे पडते का, सांधे दुखतात का? स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवरच हल्ला करते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण बरेच जास्त असते. ॲलर्जीच्या गोळ्या, मुरुमांसाठीचे आयसोट्रेटिनॉइन आणि काही नैराश्यविरोधी औषधे यांनीही डोळे कोरडे पडतात.

भारतात विशेष लक्षात ठेवण्याजोगे कारण म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. सल्फा, कार्बामॅझेपीन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांच्या प्रतिक्रियेत त्वचा व श्लेष्मल पडदे सोलवटतात. जीव वाचतो, पण पापण्यांची आतली कड पुढे त्वचेसारखी खरखरीत होते आणि दर मिनिटाला पंधराएक वेळा स्वच्छमंडलावर घासत राहते. आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच गर्भवेष्टन पटलाचे आवरण डोळ्यावर बसवले तर बरेच नुकसान टळते. म्हणून अशा रुग्णाकडे त्वचारोगतज्ज्ञाइतकेच नेत्रतज्ज्ञानेही पहिल्या आठवड्यात पाहिले पाहिजे.

उपचार

सुरुवात कृत्रिम अश्रूंनी होते. दिवसातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त घालायचे असतील तर ते परिरक्षकमुक्त हवेत, कारण बाटलीतले बेन्झाल्कोनियम क्लोराइड स्वतःच पेशींना इजा करते. हे थेंब महाग पडतात, आणि रोजंदारीवरचा माणूस इथेच अडतो. तो मग औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणतो. लाली जाते आणि दुप्पट होऊन परतते. त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. त्यांनी दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून तीच बाटली महिनोन्महिने चालते आणि डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. स्टेरॉइड द्यावे लागते, पण मोजके दिवस आणि दाब तपासत.

तेल घट्ट झाले असेल तर कोमट कापडाचा शेक रोज दहा मिनिटे द्यावा, नंतर पापणीची कड स्वच्छ करावी. दाहासाठी सायक्लोस्पोरिनचे ०.०५ टक्क्यांचे थेंब देतात. सुरुवातीला ते झोंबतात आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण पंधरवड्यातच सोडून देतो. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बूच बसवता येते, मात्र आधी दाह आटोक्यात आणणे बरे, नाहीतर दाहक अश्रूच डोळ्यात साठतात. ओमेगा-३ च्या गोळ्यांचा बोलबाला मोठा आहे, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘ड्रीम’ चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

एवढ्याने भागले नाही तर रुग्णाच्याच रक्तातील द्रव पातळ करून त्याचे थेंब बनवतात. त्यात कृत्रिम अश्रूंत नसलेले वाढीस मदत करणारे घटक असतात. पण ते थंड ठेवावे लागतात, आणि खोलीत शीतपेटी नसलेल्या कामगाराला हे औषध लिहून देणे म्हणजे काहीच न देणे. स्टीव्हन्स-जॉन्सनच्या रुग्णात खरखरीत कड काढून तिथे ओठाच्या आतील श्लेष्मल त्वचा लावतात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने या क्षेत्रात मोठे काम केले आहे. मोठ्या आकाराची स्क्लेरल लेन्स स्वच्छमंडलाला न टेकता त्यावर कमान धरते. मधल्या पोकळीत भरलेले परिरक्षकमुक्त सलाइन दिवसभर डोळा भिजता ठेवते आणि पापणीचे घासणेही थांबते. ही लेन्स रोज सकाळी स्वच्छ हातांनी, बुडबुडा न राहू देता बसवावी लागते आणि रात्री झोपण्यापूर्वी काढून ठेवावी लागते. भट्टीजवळ काम करणाऱ्याने तिच्यावर सर्व बाजूंनी बंद असलेला चष्मा घालायचा असतो.