मोबाइलवर छान दिसणारा फोटो प्रिंट काढल्यावर धूसर का होतो?

घरातलं वडीलधारं माणूस जातं. दहाव्या-बाराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, म्हणून सगळे आपापल्या मोबाइलची गॅलरी उघडून बसतात. मागच्या वर्षीच्या लग्नातला एक फोटो सापडतो. त्यात आजोबा अगदी मनापासून हसत असतात. फॅमिली ग्रुपवर आलेला तो फोटो कुणीतरी क्रॉप करतं आणि चौकातल्या फोटोवाल्याला पाठवून देतं.

संध्याकाळी फ्रेम घरी येते. चेहरा ओळखू येतो, पण डोळे पुसट झालेले असतात, सुरकुत्या गायब झालेल्या असतात आणि कानाच्या कडा फुटलेल्या दिसतात. मोबाइलवर तर फोटो इतका स्वच्छ दिसत होता! दोष अर्थातच फोटोवाल्याला दिला जातो.

पण बहुतेक वेळा फोटो दुकानात पोहोचण्याआधीच खराब झालेला असतो. तो कसा, आणि चांगली प्रिंट हवी असेल तर नेमकं काय करायचं, हे समजून घेऊया.

फोटो 'फुटतो' म्हणजे काय होतं?

डिजिटल फोटो हा रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत साधारण ४०३२ आडवे आणि ३०२४ उभे, म्हणजे जवळपास सव्वा कोटी पिक्सेल असतात.

प्रिंट काढताना हे पिक्सेल कागदावर पसरवले जातात. कागद जितका मोठा, तितका प्रत्येक पिक्सेल मोठा होतो. एका मर्यादेपुढे ते डोळ्यांना वेगवेगळे दिसू लागतात किंवा मशिन ते एकमेकांत मिसळून गुळगुळीत करतं. पहिल्या प्रकाराला आपण 'फोटो फुटला' म्हणतो, दुसऱ्याला 'फोटो धूसर आला' म्हणतो. कारण मात्र एकच असतं. कागदाच्या मानाने पिक्सेल कमी पडलेले असतात.

मोबाइलवर हे लक्षात येत नाही, कारण त्याची स्क्रीन जेमतेम अडीच-तीन इंच रुंद असते. एवढ्याशा जागेत कमी पिक्सेलचा फोटोही रेखीव दिसतो.

३०० हा आकडा कुठून आला?

प्रिंटिंगच्या दुकानात '३०० डीपीआय पाहिजे' हे वाक्य हमखास ऐकू येतं. याचा अर्थ कागदाच्या प्रत्येक इंचाला फोटोचे ३०० पिक्सेल मिळायला हवेत. फूटभर अंतरावरून पाहिलं तर माणसाच्या डोळ्याला एका इंचात साधारण इतकेच ठिपके वेगळे ओळखता येतात. त्याहून जास्त दिले तरी फरक कळत नाही.

यावरून सोपं गणित करता येतं. फोटोच्या रुंदीचे पिक्सेल भागिले ३०० केले की किती इंच रुंदीची उत्तम प्रिंट निघेल ते कळतं. ४०३२ भागिले ३०० म्हणजे १३ इंचांहून थोडं जास्त. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोतून ८ बाय १२ची प्रिंट अगदी आरामात निघते.

यात एक सूटही आहे. हातात धरून पाहायच्या अल्बमला ३०० लागतात, पण भिंतीवरची फ्रेम आपण तीन-चार फुटांवरून पाहतो. अंतर वाढलं की डोळ्याची अपेक्षा कमी होते. तीन फुटांवरून इंचाला १०० पिक्सेलही चालून जातात. १५० असले तर उत्तमच.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. एखाद्या ॲपमध्ये जाऊन ७२चा आकडा ३०० केला म्हणून फोटो सुधारत नाही. तो फक्त फाइलवर लिहिलेला आकडा असतो. खरे महत्त्वाचे असतात ते पिक्सेल.

व्हॉट्सॲप फोटोचं काय करतं?

फोटो पटकन पोहोचावा आणि डेटा कमी लागावा म्हणून व्हॉट्सॲप तो लहान करतं. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. म्हणजे सव्वा कोटी पिक्सेलचा फोटो वीसेक लाखांवर येतो. शिवाय जेपीजी फाइल आणखी दाबली जाते. त्यात केस, सुरकुत्या, साडीचं काठावरचं विणकाम असे बारीक तपशील आधी जातात.

इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोची रुंदी १०८० पिक्सेलवर येते. स्क्रीनशॉट घेतला तर फोटोचे नाही, तुमच्या स्क्रीनचे पिक्सेल मिळतात. एकदा गेलेले पिक्सेल परत आणता येत नाहीत.

आता सुरुवातीच्या फोटोचं गणित करून पाहूया. लग्नातल्या आडव्या फोटोत पाच माणसं शेजारीशेजारी उभी आहेत. मूळ फाइल ४०३२ पिक्सेल रुंद असेल तर आजोबांच्या वाट्याला साधारण ८०० पिक्सेल येतात. तेवढाच भाग कापून ८ इंच रुंदीची प्रिंट काढली, तर इंचाला १०० पिक्सेल मिळतात. भिंतीवर लावायला हे चालतं.

तोच फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, १६०० पिक्सेलचा असेल तर आजोबांच्या वाट्याला ३२० पिक्सेल येतात. ८ इंचांत ते पसरले की इंचाला उरतात ४०. फोटो तोच, हसू तेच. एका फ्रेममध्ये चेहरा राहतो, दुसऱ्या फ्रेममध्ये तो पुसला जातो.

मग मूळ फोटो मिळवायचा कसा?

पूर्वी स्टुडिओत फोटो काढला की निगेटिव्ह तिथे जपून ठेवली जायची. मुंबईत १९२८ साली सुरू झालेला हॅमिल्टन स्टुडिओ तर जुन्या निगेटिव्हच्या संग्रहासाठी ओळखला जातो. निगेटिव्ह असेल तर कितीही वर्षांनी नवी प्रिंट निघू शकते. डिजिटल फोटोत मूळ फाइल म्हणजेच निगेटिव्ह. ती ज्याने फोटो काढला त्याच्या मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या कार्डात असते.

म्हणून पहिला फोन फोटोवाल्याला नाही, तर फोटो काढणाऱ्या भाच्याला किंवा लग्नाच्या फोटोग्राफरला करायला हवा. 'ग्रुपवर टाकलाय की' असं उत्तर आलं तर मूळ फाइलच हवी, असं सांगा. ती पुढीलपैकी एका मार्गाने मागवा:

- व्हॉट्सॲपवरूनच, पण 'डॉक्युमेंट' म्हणून. अशा प्रकारे पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते.
- गूगल ड्राइव्ह किंवा ईमेलवरून.
- माणूस जवळ असेल तर क्विक शेअर, एअरड्रॉप, पेन ड्राइव्ह किंवा सरळ केबलने.

व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये एचडी फोटो पाठवण्याची सोय आणली. त्यात नेहमीपेक्षा बरेच जास्त पिक्सेल पोहोचतात, पण फाइल तरीही दाबली जाते. दुसरा मार्गच नसेल तर एचडी चालेल. हे पाठवणाऱ्याने निवडायचं असतं, घेणाऱ्याच्या हातात काही नसतं.

आपल्याकडचा फोटो मूळ आहे का, हे तपासणं सोपं आहे. गॅलरीत फोटो उघडून 'डिटेल्स' पाहिलं की पिक्सेलचा आकडा दिसतो. अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतील, तर तो व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आहे.

गूगल फोटोजवर बॅकअप असेल तर तिथलं सेटिंगही पाहा. 'ओरिजिनल क्वालिटी'त फाइल तशीच राहते. 'स्टोरेज सेव्हर'मध्ये १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो त्याच आकाराचे राहतात, फक्त थोडे दाबले जातात. प्रिंटसाठी ते चालतात. पण 'एक्सप्रेस' हा पर्याय निवडला असेल तर फोटो ३ मेगापिक्सेलवर येतात.

प्रिंटमध्ये डोकं किंवा पाय का कापले जातात?

मोबाइलचा फोटो सहसा ४ः३ या प्रमाणात असतो. ४ बाय ६ किंवा ८ बाय १२ हे कागद ३ः२ या प्रमाणातले असतात. त्यामुळे ४ बाय ६ची प्रिंट काढताना फोटोचा जवळपास नववा हिस्सा कापला जातो. मशिनला कापायचं कुठून हे कळत नाही. ते दोन्ही बाजूंनी सारखं कापतं आणि मागच्या रांगेतल्या मामांचं कपाळ जातं.

यावर दोन उपाय आहेत. एक तर फोटो स्वतःच त्या मापात क्रॉप करून द्यायचा. नाहीतर 'फोटो न कापता, पांढरी बॉर्डर ठेवून प्रिंट द्या' असं सांगायचं. ६ बाय ८ आणि ९ बाय १२ ही मापं मोबाइलच्या फोटोला बरोबर बसतात.

स्क्रीनवर उजळ, कागदावर काळपट

स्क्रीनमधून प्रकाश बाहेर येतो. कागद खोलीतला प्रकाश फक्त परत फेकतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळपट वाटतो. त्यामुळे प्रिंटसाठी फोटो तपासताना ब्राइटनेस निम्म्यावर आणा. फोटो तेव्हाही नीट दिसला पाहिजे. काळपट वाटला तर थोडा उजळ करा.

रंगांचाही प्रश्न असतो. अनेक नवे फोन नेहमीपेक्षा जास्त रंग साठवणाऱ्या पद्धतीने फोटो काढतात, पण दुकानातली बरीच मशिन्स 'एसआरजीबी' ही जुनी, सर्वमान्य पद्धत गृहीत धरतात. मग लाल-हिरवे रंग फिके येतात. आयफोनवरून आलेल्या एचईआयसी फाइल तर काही दुकानांत उघडतही नाहीत. एसआरजीबीमधली, सर्वांत कमी दाबलेली जेपीजी द्या, म्हणजे अडचण येत नाही.

सगळ्या प्रिंट सारख्या असतात का?

नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रिंट वेगवेगळ्या पद्धतीने निघतात.

कलर लॅबमध्ये प्रकाशाला संवेदनशील असलेला कागद वापरतात. लेझरच्या प्रकाशाने त्यावर फोटो उमटवून तो रसायनांत धुतला जातो. फिल्मच्या काळात अल्बममधले फोटो याच प्रकारच्या कागदावर निघायचे. रंगांचे उतार मऊ येतात आणि नीट ठेवली तर ही प्रिंट कित्येक दशकं टिकते.

इंकजेटमध्ये शाई फवारली जाते. पिगमेंट शाई आणि चांगला कागद असेल तर ही प्रिंट लॅबच्या तोडीस तोड असते. पण झेरॉक्सच्या दुकानात स्वस्त डाय शाईने चकचकीत कागदावर काढलेली प्रिंट उन्हात लवकर उडते आणि पाणी लागलं की पसरते. ज्या फोटोला ओला हार घातला जाणार, त्यासाठी ती नकोच.

म्हणून दुकानात 'लॅब प्रिंट आहे की इंकजेट? इंकजेट असेल तर शाई पिगमेंटची आहे का?' हे विचारायला लाजू नका. काचेच्या फ्रेममध्ये लावायचा असेल तर मॅट कागद बरा पडतो, त्यावर चकाकी कमी येते. प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट लावून घ्या. आणि मोठी फ्रेम सांगण्याआधी त्याच फाइलची एक ४ बाय ६ची प्रिंट काढून पाहा. रंग आणि उजेड बरोबर आहेत का, हे थोड्या पैशांत कळतं.

एआयने फोटो साफ केला तर?

हल्ली धूसर फोटो क्षणात स्वच्छ करून देणारी बरीच ॲप्स आहेत. पण एआय गेलेला तपशील शोधून आणत नाही. असंख्य चेहरे पाहून शिकलेल्या अंदाजाने तो नव्याने तयार करतं. निसर्गदृश्यात याने फारसं बिघडत नाही. माणसाच्या चेहऱ्यात मात्र डोळ्यांचा आकार किंचित बदलतो, गालावरचा तीळ नाहीसा होतो, दात एका ओळीत येतात. अनोळखी माणसाला फोटो सुंदर वाटेल. आजीला मात्र लगेच कळेल, की हे 'ते' नाहीत.

मूळ फाइल मिळतच नसेल तर एआयपेक्षा साधा मार्ग आहे: प्रिंट लहान काढा. १६०० पिक्सेलच्या पूर्ण फोटोची ४ बाय ६ची प्रिंट व्यवस्थित येते. मोठ्या फ्रेममध्ये रुंद माउंट लावून मधोमध लहान फोटो बसवला, तर तोही देखणा दिसतो. आणि घरात जुनी कागदी प्रिंट असेल तर मोबाइलने तिचा फोटो काढण्याऐवजी ती ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. ४ बाय ६च्या प्रिंटमधून ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात.

आजच काय करून ठेवता येईल?

इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे विंट सर्फ यांनी २०१५ मध्ये, गूगलचे उपाध्यक्ष असताना, एक इशारा दिला होता. फाइल उघडणारी साधनं कालबाह्य झाली तर आजच्या डिजिटल आठवणी पुढच्या पिढ्यांना पाहता येणार नाहीत, त्यामुळे जे फोटो खरोखर मोलाचे वाटतात ते छापून ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे अडचण त्याहून आधी येते. मोबाइल हरवतो, मेमरी भरली म्हणून कुणीतरी फोटो उडवतं, आणि शेवटी उरतात ते ग्रुपवर फिरलेले फोटो.

त्यामुळे तीन कामं आजच करता येतील. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचा एक एकट्याचा फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसवून, झूम न करता मागच्या कॅमेऱ्याने काढा. त्याची मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि लॅबमधून त्याची एक चांगली प्रिंट काढून ती त्यांच्याच हातात द्या.

फ्रेम करायची वेळ कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं. पण आजोबांचा आपला फोटो आजोबांनाच आवडला आहे का, हे विचारायला आज ते घरात आहेत.