दायित्व आणि नुकसानी : दोन प्रश्न, एक निवाडा

१. प्रश्नाचे स्वरूप

शारीरिक इजेबद्दलच्या दिवाणी दाव्यात न्यायालयापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात. झालेल्या इजेबद्दल कायद्याने कोण उत्तरदायी ठरतो, हा पहिला. आणि त्या इजेचे पैशातील मोल किती, हा दुसरा. पहिल्यास दायित्वाचा प्रश्न म्हणतात, दुसऱ्यास नुकसानीचा. दोहोंचा पुरावा बहुतांशी निराळा असतो. पहिल्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा, फिर्याद आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतात. दुसऱ्यासाठी वैद्यकीय कागदपत्रे, अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा. पहिला प्रश्न भूतकाळातील एका क्षणाविषयी असतो. दुसऱ्याचे उत्तर पुढील अनेक वर्षांच्या अंदाजावर अवलंबून असते. असे असता या दोहोंची सुनावणी एकत्र व्हावी, की आधी दायित्व ठरवून मगच नुकसानीकडे वळावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

मराठीतील शब्दयोजना या भेदाला पोषकही आहे आणि मारकही. ‘जबाबदार’ या शब्दात अरबी ‘जवाब’ आणि फार्सी ‘दार’ यांचा संयोग आहे. ज्याने जवाब द्यावयाचा तो जबाबदार. ‘भरपाई’ हा शब्द ‘भरणे’ या क्रियापदावरून आला; त्यात पडलेली उणीव भरून काढण्याची कल्पना आहे. म्हणजे उत्तर कोणी द्यावयाचे आणि उणीव किती, हे दोन्ही प्रश्न शब्दांतच वेगळे उभे आहेत. याउलट ‘नुकसानी’ हा शब्द दुहेरी आहे. ‘नुकसानी झाली’ म्हणताना तो हानीचा वाचक असतो, ‘नुकसानी मागितली’ म्हणताना त्या हानीपोटी मिळावयाच्या रकमेचा. ज्याची हानी झाली त्याला रक्कम मिळणारच, असा समज या दुहेरीपणामुळे सहज दृढ होतो. वस्तुतः हानी सिद्ध होऊनही दायित्व सिद्ध न झाल्यास दावा निष्फळ ठरतो.

२. एक कल्पित उदाहरण

दोन प्रश्नांचा परस्परसंबंध आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. नांदेड–लातूर मार्गावर मालमोटारीच्या धडकेने तीस वर्षे वयाच्या एका मजुराचा पाय कायमचा अधू झाला, त्याचे मासिक उत्पन्न १०,००० रुपये होते आणि त्याची कमावण्याची क्षमता ४० टक्क्यांनी घटली, असे समजू. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात (२००९) घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे या वयास १७ हा गुणक लागतो. वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये. त्यास १७ ने गुणून २०,४०,००० रुपये. त्याचे ४० टक्के म्हणजे ८,१६,००० रुपये. उपचारखर्च, वेदना आणि भावी उत्पन्नवाढ या बाबी येथे हिशेबाबाहेर ठेवल्या आहेत. राजकुमार प्रकरणात (२०११) त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, दाखल्यावरील शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट या एकच गोष्टी नव्हेत. पाय अधू झालेला कारकून आणि पाय अधू झालेला हमाल यांचा दाखला सारखा असेल, पण हानी सारखी नसते.

आता अपघातास मजुराची स्वतःची हयगयही २५ टक्के कारणीभूत होती, असा निष्कर्ष निघाला तर? रक्कम ६,१२,००० रुपयांवर येते. चालकाची हयगय मुळीच सिद्ध झाली नाही, तर हयगयीवर आधारलेल्या दाव्यात ती शून्य होते. दायित्वाचे उत्तर हे नुकसानीच्या संपूर्ण हिशेबास गुणणारे आहे, ते असे.

३. विभक्त सुनावणीचा पक्ष

याच कारणास्तव इंग्लंड-अमेरिकेत विभक्त सुनावणीची पद्धत पुढे आली. दायित्व शून्य ठरणार असेल, तर डॉक्टरांच्या साक्षी व उत्पन्नाचे हिशेब यांवर वेळ का दवडावा? उलटपक्षी, दायित्व निश्चित झाले की पक्षकार रकमेबाबत आपसात तडजोड करण्याचा संभव वाढतो. शिवाय इजेचे अंतिम स्वरूप, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, काही वर्षांनीच स्पष्ट होते. साक्षीदारांची स्मृती मात्र तितके दिवस टिकत नाही. म्हणून दायित्व लवकर ठरवावे आणि नुकसानी मागाहून, हे म्हणणे सयुक्तिक वाटते. झायझेल आणि कॅलहन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पद्धतीने सुनावणीचा सुमारे २० टक्के वेळ वाचतो, असे दाखविले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७४ मध्ये कोनेन विरुद्ध पेन या प्रकरणात विभक्त सुनावणीस अधिक मोकळेपणाने संमती द्यावी, असे मत दिले.

तथापि अमेरिकेतील या युक्तिवादाचा एक आधार ज्यूरी हा आहे. जखमी माणसाची अवस्था पाहून ज्यूरीचे मन द्रवेल आणि दोष नसताही दोष दिसेल, ही तेथील प्रतिवादीची भीती असते. भारतातील दिवाणी दाव्यात न्यायाधीश एकटाच निर्णय देतो आणि प्रत्येक निष्कर्षाची कारणे लिहितो; तेव्हा हा आधार येथे दुबळा ठरतो.

४. भारतीय प्रक्रियेची भूमिका

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश १४ प्रमाणे न्यायालय वादाचे मुद्दे काढते. दायित्व आणि नुकसानी हे त्यात वेगवेगळे मुद्दे असतात. परंतु १९७६ च्या दुरुस्तीनंतर नियम २ असे सांगतो की, एका मुद्द्यावर दावा निकालात निघण्याजोगा असला तरी न्यायालयाने सर्व मुद्द्यांवर निर्णय द्यावा. आधी ठरविता येतात ते केवळ कायद्याचे मुद्दे, आणि तेही अधिकारक्षेत्राविषयीचे किंवा कायद्याने दाव्यास घातलेल्या प्रतिबंधाविषयीचे. हयगयीचा मुद्दा तथ्यावर आधारलेला असल्याने तो सामान्यतः यात बसत नाही. सारांश, विचारात भेद आणि सुनावणीत ऐक्य, हे आपल्या प्रक्रियेचे सूत्र होय.

दोन टप्प्यांचा निवाडा आपल्या कायद्यास अपरिचित आहे, असे मात्र नाही. वाटणीच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनाम्याने प्रत्येकाचा हिस्सा ठरतो आणि सरकारसारा असलेल्या शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी पुढे जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. हिस्सा ठरला, पण शेत हाती आले नाही, ही दोन टप्प्यांमधील अवस्था शेतकरी कुटुंबांना सांगावयास नको. महाराष्ट्राने आणखी एक प्रयोग केला. १९७७ च्या राज्य दुरुस्तीने संहितेत कलम ९-अ आले. अंतरिम अर्जाच्या वेळी अधिकारक्षेत्राचा आक्षेप निघाल्यास तो आधी निकालात काढणे त्याने बंधनकारक झाले. वेळ वाचविण्यासाठी आणलेल्या या तरतुदीने दाव्याच्या दोन फेऱ्या होऊ लागल्या आणि २०१८ मध्ये ती वगळण्यात आली.

५. मराठवाड्यातील एक निवाडा

ऐक्याचे मोल कळण्यास अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण उपयुक्त आहे. १९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील सरकारी रुग्णालयात प्रसूतीनंतर एका स्त्रीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या पोटात टॉवेल राहून गेला. पुन्हा शस्त्रक्रिया करून तो काढण्यात आला, परंतु ती वाचली नाही. मूळ न्यायालयाने हयगय मान्य करून ३६,००० रुपयांचा हुकूमनामा केला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने राज्य उत्तरदायी नाही, असा त्याचा एक आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हा आधार नाकारला. रुग्णालय चालविणे हे कल्याणकारी कार्य असले तरी ते केवळ राज्याचेच कार्य नव्हे, असे ठरवून त्याने मूळ हुकूमनामा पुनःस्थापित केला.

घटनेपासून अंतिम निर्णयापर्यंत तेहतीस वर्षे लोटली आणि वरच्या न्यायालयांतील झगडा मुख्यतः दायित्वाचा होता. मूळ न्यायालयाने केवळ दायित्व ठरवून नुकसानीचा प्रश्न मागे ठेवला असता, तर १९९६ मध्ये कुटुंबाच्या हाती नुसती घोषणा आली असती आणि रकमेची चौकशी तेथून सुरू झाली असती. रकमेवरील निष्कर्ष आधीच नोंदलेला होता, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला एका वाक्याने वादाचा शेवट करता आला. या प्रकरणाची दुसरी बाजूही दृष्टिआड करता येत नाही. साठच्या दशकातील हानीचे मोल म्हणून ठरलेले ३६,००० रुपये आणि १९९६ मधील ३६,००० रुपये यांची क्रयशक्ती एक नव्हे. ऐक्याने निवाडा पूर्ण झाला. विलंबाची झीज त्याने भरून निघाली नाही.

६. तिसरा मार्ग

ही झीज कमी करण्याचा मार्ग सुनावणीच्या क्रमात नसून दायित्वाच्या स्वरूपात शोधला गेला. मोटार वाहन कायद्यात १९८२ मध्ये कलम ९२-अ आले. मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये हयगय सिद्ध न करता मिळू लागले. १९८८ च्या कायद्यातील कलम १४० ने ही तत्काळ मदत चालू ठेवली. १९९४ मध्ये तिचे आकडे ५०,००० व २५,००० झाले. १ एप्रिल २०२२ पासून त्या जागी नवी रचना लागू असून कलम १६४ प्रमाणे मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये दोषाचा प्रश्न न काढता मागता येतात. त्याहून अधिक रकमेसाठी कलम १६६ खालील मार्ग असून तेथे हयगय सिद्ध करावी लागते. त्या दाव्यात रक्कम किती आणि ती मालक, चालक व विमा कंपनी यांपैकी कोणी द्यावयाची, हे मोटार अपघात दावा प्राधिकरण एकाच निवाड्यात ठरविते.

यावरून निघणारा निष्कर्ष असा. दायित्व आणि नुकसानी यांचा भेद निकालपत्रात जितका स्पष्ट राहील तितका चांगला. दोहोंवर स्वतंत्र व सकारण निष्कर्ष असले, तर अपिलात एक बदलला तरी दुसरा टिकतो आणि दावा फेरसुनावणीसाठी परत पाठवावा लागत नाही. दावा निष्फळ ठरत असला तरी रकमेवरील निष्कर्ष नोंदवून ठेवणे याच कारणाने इष्ट होय. परंतु हा भेद काळात ओढून दोन सुनावण्या केल्या, तर त्याचा भार इजा झालेल्यावर पडतो, आणि दीर्घकाळ वाट पाहण्याचे सामर्थ्य सर्व पक्षकारांत त्याच्याजवळच सर्वांत कमी असते.