माडगुळ्याच्या वाटेवर

आपल्या घरांतली खाला मराठी पुस्तकात मला पहिल्यांदा भेटली ती 'माणदेशी माणसं'मध्ये. धर्मा रामोशी, शिदा चांभार, आणि त्यांच्याच पंगतीला 'तांबोळ्याची खाला' आणि 'मुलाण्याचा बकस'. व्यंकटेश माडगूळकरांनी त्यांना पाहुणे म्हणून आणलेलं नाही. ती गावचीच माणसं आहेत. ज्या घरातून हा माणूस गावाकडे बघत होता, ते घर पाहायची इच्छा फार दिवसांची होती.

उन्हाळी सुट्टीत मुलाला घेऊन साताऱ्याहून आटपाडीला गेले. दुसऱ्या दिवशी फज्रनंतर माडगुळ्याची वाट पायीच धरली. 'बनगरवाडी'तला मास्तरही पहाटे चालतच निघतो, आणि मीही शिक्षिकाच. (मुलाला हे कारण पटलं नाही.)

हा मुलूख आज सांगली जिल्ह्यात. १९२७ साली माडगूळकर जन्मले तेव्हा तो औंध संस्थानात होता, आणि औंध आता सातारा जिल्ह्यात! पुस्तकातला माणदेश कोरडा ठणठणीत. आता टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी इकडे आणलंय, वाटेत डाळिंबाच्या बागा लागतात.

गावात घर विचारलं, तर उलट प्रश्न आला, "थोरल्यांचं की धाकट्यांचं?" थोरले म्हणजे गदिमा. ते लिहायला बसत ते शेतातलं पत्र्याचं घर, 'बामणाचा पत्रा', सगळ्यांना ठाऊक आहे.

जुन्या घराची गोष्ट मात्र वेगळी. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण, म्हणून सातारा-सांगली-कोल्हापूर भागात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. माडगूळकरांचंही जळालं. 'वावटळ' ही कादंबरी त्याच जाळपोळीची. कुणा एकाच्या गुन्ह्यासाठी आडनाव बघून दुसऱ्याचं घर जाळायचं, हे काय असतं ते आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

मला थांबवलं ते सालांनी. घर जळालं १९४८ला, 'माणदेशी माणसं' पुस्तकरूपानं आलं १९४९ला. काही व्यक्तिचित्रं आधीची असतील. तरी पुस्तक करताना त्यांनी गावावरची माया कमी केली नाही. 'बनगरवाडी' तर १९५५ची, त्याच मातीतली.

जूनमध्ये शाळा उघडली की आठवीला 'तांबोळ्याची खाला' वाचून दाखवणार आहे. वर्गात दोन तांबोळी आहेत, एक मुलाणी.