कुत्रा पाण्याला भितो, म्हणजे पिसाळला का?

नाशिकला गोदाघाटावर फिरायला नेलेला पाळीव कुत्रा पाणी पाहून मागे सरला, की घरच्यांना शंका येते, हा पिसाळला तर नाही? रेबीजला मराठीत जलसंत्रास म्हणतात, त्यातून हा गैरसमज होतो. वास्तविक पाण्याची धास्ती हे रेबीज झालेल्या माणसाचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा सहसा पाण्याला भीत नाही. म्हणून 'कुत्रा पाणी पितो, मग धोका नाही' असे मानणेही घातक! लाळ गळणे, आवाज बदलणे, विनाकारण चावणे, मागचे पाय लुळे पडणे ही लक्षणे पाहावीत.

निरोगी कुत्र्याची भीती हळूहळू जाते. त्याला नदीत ढकलू नये. घमेल्यात पंजे बुडतील एवढेच कोमट पाणी घ्यावे, त्याने पाय ठेवला की खाऊ द्यावा. पाणी रोज थोडे वाढवावे. रेबीजची लस मात्र दरवर्षी न चुकता टोचून घ्यावी.

कुत्रा चावल्यास मिरची, चुना लावू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.