रेल्वे निरीक्षण व छायाचित्रण

रेल्वे निरीक्षण व छायाचित्रण हा धावत्या गाड्या, इंजिने, लोहमार्ग, स्थानके व सिग्नल यांचे निरीक्षण करून त्यांच्या नोंदी ठेवण्याचा आणि छायाचित्रे काढण्याचा छंद आहे. हा छंद जोपासणाऱ्यांना ब्रिटनमध्ये 'ट्रेनस्पॉटर', तर अमेरिकेत व भारतात 'रेलफॅन' म्हणतात.

इतिहास

ब्रिटनमध्ये इयान ॲलन यांनी १९४२ साली सदर्न रेल्वेच्या इंजिनांच्या क्रमांकांची पुस्तिका प्रसिद्ध केली. पाहिलेल्या इंजिनाच्या क्रमांकाखाली रेघ ओढण्याची पद्धत त्यानंतर शाळकरी मुलांत लोकप्रिय झाली. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ पासून नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या अखेरच्या वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे काढली. अनेक फ्लॅशबल्ब एकाच वेळी पेटवून रात्री टिपलेली ही छायाचित्रे या कलाप्रकारात महत्त्वाची मानली जातात.

स्वरूप

निरीक्षक गाडीचे नाव, वेळ, इंजिनाचा वर्ग व क्रमांक आणि त्याची लोकोशेड यांची नोंद करतात. भारतीय इंजिनांचा वर्ग अक्षरांवरून ओळखता येतो. 'डब्ल्यूएपी-७' या नावातील 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'ए' म्हणजे प्रत्यावर्ती (एसी) विद्युत् प्रवाह आणि 'पी' म्हणजे प्रवासी गाडी. मालगाडीसाठी 'जी', मिश्र वापरासाठी 'एम', तर डिझेल इंजिनासाठी 'डी' हे अक्षर वापरतात.

छायाचित्रणात सूर्य पाठीशी ठेवून इंजिनाचा दर्शनी भाग व एक बाजू एकत्र टिपण्याची पद्धत रूढ आहे. वेगवान गाडी स्पष्ट दिसण्यासाठी सेकंदाच्या ५०० व्या भागापेक्षा कमी काळ शटर उघडे ठेवतात. याउलट शटरचा काळ वाढवून गाडीच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवल्यास गाडी स्पष्ट व पार्श्वभूमी धूसर दिसते.

महाराष्ट्र व गोवा

कर्जत–लोणावळा (भोर घाट) आणि कसारा–इगतपुरी (थळ घाट) हे मार्ग निरीक्षकांना विशेष प्रिय आहेत. तेथे ३७ मीटर अंतरात एक मीटर इतका तीव्र चढ असल्याने गाडीला मागून रेटा देण्यासाठी 'बँकर' इंजिने जोडतात. कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पानवल पूल आणि गोव्यातील दूधसागर धबधब्यासमोरून जाणारा मार्ग हेही आकर्षणाचे विषय आहेत.

दस्तऐवजी मूल्य

रेल्वेचे तंत्रज्ञान बदलले की जुनी यंत्रे बहुधा भंगारात जातात. मुंबईत १९२५ साली सुरू झालेली १५०० व्होल्ट एकदिश (डीसी) प्रवाहाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलून तेथे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती व्यवस्था आली. त्यामुळे केवळ एकदिश प्रवाहावर चालणारी इंजिने सेवेतून बाद झाली. घाटात मालगाड्या ओढणारे व 'खेकडा' या टोपणनावाने ओळखले जाणारे इंजिन तर त्याआधीच निवृत्त झाले होते. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्गही आता ब्रॉडगेज झाला आहे. अशा गाड्यांचे दैनंदिन रूप, त्यांची रंगसंगती आणि स्थानकांवरील वर्दळ कळण्यासाठी हौशी छायाचित्रकारांचे संग्रह हे उपयुक्त साधन ठरते. मात्र छायाचित्रासोबत दिनांक, स्थळ व इंजिन क्रमांक नोंदवलेला नसल्यास त्याचे संदर्भमूल्य बरेच कमी होते.

सुरक्षितता व कायदा

समोरून येणाऱ्या गाडीचा वेग नुसत्या डोळ्यांनी अचूक अजमावता येत नाही. विद्युत् गाड्या तुलनेने कमी आवाज करतात आणि एका गाडीच्या आवाजात दुसरीची चाहूल लागत नाही. वेगात असलेली गाडी आपत्कालीन ब्रेक लावूनही लगेच थांबत नाही. उच्च दाबाच्या वीजतारेला प्रत्यक्ष स्पर्श न होता केवळ जवळ गेल्यानेही विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून डब्याच्या टपावर चढणे किंवा तारांखाली लांब काठी उंचावणे प्राणघातक ठरते. फ्लॅशच्या प्रकाशाने लोको पायलटचे डोळे दिपू शकतात, त्यामुळे त्याचा वापर टाळतात.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्यावसायिक चित्रीकरणासाठी रेल्वे प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे फलाटावरील पिवळ्या रेषेच्या मागील जागा, पादचारी पूल आणि रेल्वे हद्दीबाहेरील टेकड्या किंवा सार्वजनिक रस्ते ही निरीक्षणासाठी योग्य ठिकाणे मानली जातात.