उपाहारगृहांतील मिताहार

रविवारीं संध्याकाळीं सबंध कुटुंबानें उपाहारगृहांत जाऊन जेवावें, यांत आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. घरांतील स्त्रियांना एक वेळची विश्रांति मिळते आणि आजे-नातवंडें एका मेजाभोवतीं बसतात. हा लाभ थोडा नव्हे. मात्र तेथें किती खावें, याचा विचार क्वचितच कोणी करतो.

पूर्वीच्या पंक्तींत यजमानाचा आग्रह असे. उपाहारगृहांत आग्रह करणारें कोणी नसतें, तरीहि मनुष्य घरच्यापेक्षां अधिक जेवतो. 'पैसे मोजले आहेत' आणि 'पानांत टाकूं नये' या दोन समजुती त्याच्याकडून तें करवितात. यांपैकीं दुसरी सर्वथा योग्य आहे. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, मात्रा ठरवावयाची ती पदार्थ मागवितांना. ताट पुढें आल्यावर अन्न टाकणें किंवा पोटास शिक्षा देणें, एवढेच दोन मार्ग उरतात.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत 'मात्राशितीय' नांवाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नानें व एक पेयानें भरावा आणि चौथा वायूकरितां मोकळा ठेवावा, असें तो सांगतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूस होण्यास सुमारें २० मिनिटें लागतात, असें आधुनिक वैद्यक सांगतें. घाईनें जेवणारा तोंपर्यंत गरजेबाहेर खाऊन बसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत मधुमेहाचे सुमारें १०.१ कोटि रुग्ण, व त्याच्या उंबरठ्यावर १३.६ कोटि लोक असल्याचा अंदाज आहे. एकत्र कुटुंबांतून असा एखादा वडीलधारा बहुधा असतोच.

आमच्या ठाण्यांत खोपटास एस. टी.चें स्थानक आहे. गाडी सुटण्यापूर्वीं 'पुढें मिळेल न मिळेल' म्हणून प्रवासी दुप्पट खातो आणि घाटाच्या वळणावर त्याचें फळ भोगतो. मामलेदार कचेरीजवळची म्हणून 'मामलेदार' नांव पावलेली मिसळ ठाण्यांत कोणास ठाऊक नाहीं? परंतु मिसळींत फरसाण तळलेलें असतेंच. तिच्याबरोबर भजीं मागविण्याचें कारण काय? याउलट आपल्याकडील 'कटिंग' चहा पाहावा. अर्ध्या पेल्यानें तल्लफ भागते आणि गप्पांतहि उणें पडत नाहीं.

तेव्हां कांहीं साधे नियम सुचवितों. सहा माणसांस आरंभीं तीन-चार माणसांपुरतेंच मागवावें. लागल्यास पुन्हां मागवितां येतें. मुलांकरितां निराळी थाळी न घेतां मोठ्यांच्या पदार्थांतून वाटून द्यावें. 'हवें तितकें वाढूं' अशा थाळीपेक्षां मोजकी थाळी पत्करावी. तळलेला पदार्थ व मिष्टान्न यांपैकीं एकच घ्यावें. उरलेलें बांधून घरीं आणण्यांत कमीपणा मानूं नये. दहा किंवा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांनीं पदार्थांच्या यादींत उष्मांक छापावेत, असा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला आहे. सुशिक्षितांनीं किंमतीबरोबर तो आंकडाहि वाचावा.

यजमानाचा आग्रह मोडतांना त्याच्या स्नेहास धक्का लागेल अशी भीति असे. वाढप्यास 'पुरे' म्हणतांना तर तीहि नाहीं.