कार्ब्युरेटर : दोष व दुरुस्ती
पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन (सिलिंडराच्या आतच इंधन जाळणाऱ्या) एंजिनाला हवा व पेट्रोल यांचे ज्वालाग्राही मिश्रण योग्य प्रमाणात तयार करून देणाऱ्या साधनास कार्ब्युरेटर म्हणतात. जुनी गाडी चालू झाली नाही म्हणजे पहिला संशय बहुधा या साधनावर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष विजेरीत, प्रज्वलन मंडलात किंवा इंधनाच्या नळीत असण्याचा संभव तितकाच असतो. निष्कारण उघडलेला कार्ब्युरेटर पुन्हा पूर्ववत बसेलच, याची मात्र खात्री नसते.

भारतात कार्ब्युरेटर असलेल्या लहान गाड्यांपैकी मारुती व्हॅन विशेष प्रसिद्ध आहे. ती १९८४ मध्ये बाजारात आली व पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेली. तिचे ७९६ घ. सेंमी. क्षमतेचे तीन सिलिंडरांचे एंजिन पुढील आसनांखाली असते. २००० च्या सुमारास उत्सर्जनाचे (धुराड्यावाटे बाहेर पडणाऱ्या वायूंचे) कडक नियम लागू झाल्यावर मोटारींमध्ये कार्ब्युरेटराची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली आणि ओम्नीचे उत्पादनही २०१९ मध्ये थांबले. तथापि जुन्या व्हॅन अद्याप ग्रामीण भागात आढळतात. नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार असलेल्या चोरखमारा (ता. तिरोडा, जि. गोंदिया) यासारख्या जंगलालगतच्या गावी रात्री रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी न्यावयाचे असता गाडी चालू न होणे ही केवळ गैरसोय राहत नाही. कच्च्या रस्त्यांची धूळ, उन्हाळ्यात ४५° से. च्या आसपास जाणारे तापमान व हिवाळ्यातील गार पहाट या तिन्ही गोष्टी कार्ब्युरेटराची परीक्षा पाहणाऱ्या आहेत.

कार्य : पंपाने आलेले पेट्रोल प्रथम एका लहान कक्षात साठते. कक्षातील फ्लोट (तरंगणारा पोकळ डबा) पातळी वाढताच वर उचलला जातो व सुईसारख्या झडपेने आवक बंद करतो. एंजिनात खेचली जाणारी हवा मध्ये निमुळत्या झालेल्या नळीतून जाताना तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. त्यामुळे कक्षातील पेट्रोल जेट या पितळी तुकड्याच्या बारीक छिद्रातून ओढले जाऊन हवेत फवारले जाते. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने त्याच्या सु. १४.७ पट हवा लागते. थंड एंजिनात पेट्रोलचा थोडाच भाग बाष्परूप होतो. म्हणून चोक नावाच्या झडपेने हवा रोखून मिश्रणातील पेट्रोल बरेच वाढवावे लागते. एंजिन मंद गतीने चालताना लागणारे पेट्रोल वेगळ्या, त्याहूनही बारीक मार्गाने येते. हाच मार्ग कचऱ्याने सर्वांत आधी बुजतो.

दोषशोधन : प्रारंभक चलित्र (स्टार्टर) एंजिनाला जोमाने फिरवत नसेल, तर विजेरी व तिची गंजलेली टोके आधी पाहावी लागतात. एंजिन नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नसेल, तर ठिणगीची परीक्षा करतात. प्लग काढून तारेला जोडतात व त्याचा धातूचा भाग एंजिनाला टेकवून एंजिन फिरवितात. त्या वेळी निळसर, ठसठशीत ठिणगी दिसावयास हवी. ही परीक्षा पेट्रोलची नळी सोडण्यापूर्वीच उरकावी आणि प्लगच्या मोकळ्या छिद्रापासून ठिणगी दूर ठेवावी. काढलेला प्लग स्वतःही पुष्कळ सांगतो. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन अधिक येत आहे किंवा ठिणगी पडत नाही. कोरडा असेल तर इंधन पोहोचतच नाही. काळी भुकटी धरलेला प्लग पेट्रोलचे आधिक्य दर्शवितो, तर पांढुरका पडलेला प्लग हवेचे.

इंधन पोहोचते की नाही हे ठरविण्याची सर्वांत सोपी परीक्षा कार्ब्युरेटर न उघडताच करता येते. एंजिन बंद ठेवून हवा-गाळणी काढावी व वरून आत पाहत थ्रॉटलची तरफ हाताने एकदा झटकन ओढावी. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कक्षात पेट्रोल आहे, असे समजते. धार न उडाल्यास पंपाकडून येणारी नळी बाटलीत सोडून एंजिन फिरवितात. पेट्रोल ठोक्याठोक्याने पडत असेल तर पंप ठीक असून कार्ब्युरेटरातील सुईझडप अडकलेली असण्याचा संभव असतो. पडत नसेल तर गाळणी, तडकलेली रबरी नळी, पंपाचे पटल (पातळ लवचिक पडदा) आणि टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र तपासतात. एवढ्याशा छिद्रात बसलेल्या धुळीने टाकीत निर्वात निर्माण होऊन चांगली गाडी वाटेत बंद पडते व झाकण उघडताच जणू आपोआप बरी होते.

उन्हाळ्यात तापलेली व्हॅन दहा-पंधरा मिनिटे उभी राहिल्यावर पुन्हा चालू न होण्याची तक्रार नेहमीची आहे. आसनांखाली कोंडलेल्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ झाली असेल तर प्लग कोरडे असतात. अशा वेळी पंपावर ओले फडके ठेवणे व थोडे थांबणे पुरते. याउलट कक्षातील पेट्रोल उकळून एंजिनात उतरले असेल तर प्लग ओले असतात. मग चोक पूर्ण उघडा ठेवून व ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरून एंजिन फिरवितात. तो वारंवार मारल्यास दर वेळी आणखी पेट्रोल आत जाते व अडचण वाढते. एंजिन चालू होऊन ॲक्सिलरेटर सोडताच बंद पडत असेल, तर मंदगतीचा जेट बुजलेला असतो किंवा त्या मार्गावरील विद्युत् झडपेची तार सुटलेली असते. किल्ली फिरविताच या झडपेचा ‘टिक्’ असा आवाज यावा लागतो.

दुरुस्ती : वरील परीक्षांनी दोष कार्ब्युरेटरातच आहे असे ठरल्यावर तो उतरवितात. काम थंड एंजिनावर, मोकळ्या हवेत, विजेरीचे ऋण टोक सोडून आणि विडी-काडी दूर ठेवून करणे आवश्यक असते. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे होतात हे लिहून ठेवतात. पटले व रबरी कड्या वेगळ्या काढून उरलेले धातूचे भाग द्रावकात धुतात आणि प्रत्येक मार्गातून दाबाची हवा सोडतात. जेटमध्ये तार घालणे हा या कामातील सर्वांत सामान्य व सर्वांत महाग पडणारा अविचार होय. १ मिमी. व्यासाचे छिद्र केवळ ०.०५ मिमी. ने रुंदावले तरी त्याचे क्षेत्रफळ सु. १० टक्क्यांनी वाढते. पितळ मऊ असल्याने हे सहज घडते आणि डोळ्यांना दिसत नाही. मूळ मापाचा जेट आता सहजासहजी मिळतही नाही.

फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे का ते पाहतात. गरम पाण्यात बुडविल्यास बारीक भेगेतून बुडबुडे येतात. सुईच्या टोकावर झिजेचे वलय उमटले असेल तर सुई व तिची बैठक जोडीनेच बदलावी लागते. थ्रॉटलचा दांडा आपल्या छिद्रात डुगडुगत असल्यास तेथून हवा शिरते. मग स्क्रू कितीही फिरविले तरी मंद गती स्थिर होत नाही. जुन्या गॅस्केटऐवजी चिकट लेप भरल्यास त्याचे तुकडे पुढे जेटमध्येच जाऊन बसतात. जुळणीनंतर एंजिन पूर्ण तापवून व चोक उघडून मिश्रणाचा स्क्रू एंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल अशा ठिकाणी आणतात आणि मग वेग कमी करतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल : भारतात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले. याच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १३.५ पटच हवा लागते. जेटचे छिद्र ठराविक असल्याने जुन्या कार्ब्युरेटरात मिश्रण त्या मानाने हवाबहुल होते, गार सकाळी एंजिन उशिरा पेट घेते व चोक अधिक वेळ लागतो. इथेनॉल टाकीतील जुना मळ सोडविते, जुन्या प्रकारचे रबर फुगविते आणि हवेतील ओलावा शोषते. म्हणून अशा गाडीत नव्या प्रकारच्या इंधननळ्या व पटले बसविणे आणि गाळणी वेळेपूर्वी बदलणे इष्ट असते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर पंपाकडील नळी सोडून तिचे तोंड बंद करावे आणि कक्षातील पेट्रोल संपेपर्यंत एंजिन चालवावे.